शेवटच्या पानावरची शेवटची ओळ

अकोल्याचं किंवा अमरावतीचं कुठलंही दैनिक घ्या, उलटं करा आणि शेवटच्या पानाच्या तळाशी जा. जाहिराती संपतात आणि पानाची कड सुरू होते, त्या बेचक्यात मुंगीच्या अक्षरांत एक ओळ असते. हे पत्र मालकांच्या वतीने मुद्रक-प्रकाशक अमुक यांनी तमुक प्रेस, प्लॉट नंबर इतका, एमआयडीसी येथे छापून फलाण्या चौकातून प्रसिद्ध केलं. संपादक अमुक. नावापुढे एक फुली, आणि फुलीचा खुलासा: पीआरबी कायद्यान्वये बातम्यांच्या निवडीस जबाबदार. मग नोंदणी क्रमांक. जागा उरलीच तर ‘सर्व वाद अकोला न्यायालयाच्या कक्षेत’.

छापखान्यातले लोक तिला ‘प्रिंट लाइन’ म्हणतात. ती वाचणारे तिघेच: ज्याला पेपरवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकायचा आहे तो, त्याचा वकील आणि कलेक्टर कचेरीतला कारकून. बाकीचे आपण तिच्यावर भजी ठेवून मोकळे होतो. मला तिचा नाद लागला तो जुन्या अंकांच्या फायली चाळताना. बातम्या शिळ्या होतात, अग्रलेखांचा आवेश ओसरतो, ही ओळ मात्र मधूनच एखादा शब्द वाढवत चालत आलेली दिसते. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या सरकारने मागून घेतलेला आहे. संविधानाच्या १९ व्या कलमाने भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य नागरिकाच्या हाती दिलं १९५० मध्ये. छापणाऱ्याने आपलं नाव तळाशी लिहावं, ही मागणी त्याच्या दीडशे वर्षं आधीची. आपल्याकडे आधी पत्ता विचारला गेला, बोलायचा हक्क मागाहून मिळाला, आणि हा क्रम त्या ओळीत अजून उमटलेला आहे.

पहिला धागा कलकत्त्यात सापडतो. मे १७९९. टिपू सुलतान नुकताच पडला होता, फ्रेंचांची धास्ती होती आणि गव्हर्नर-जनरल वेलस्लीला गोऱ्यांच्या इंग्रजी पत्रांची कटकट झाली होती. त्याने नियम काढले. त्यातला पहिलाच असा की मुद्रकाने आपलं नाव अंकाच्या तळाशी छापावं. मालक-संपादकांनी आपली नावं आणि राहण्याचं ठिकाण सरकारच्या सचिवाला कळवावं, रविवारी अंक काढू नये, आणि सरकारी तपासनिसाने पाहिल्याशिवाय काहीही छापू नये, असे बाकीचे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा एकच होती: जहाजात बसवून युरोपला रवानगी. देशी माणसं पत्रं काढू लागली तेव्हा सरकारची पंचाईत झाली. राममोहन रॉयना पाठवणार कुठे? १८२३ मध्ये परवान्याची सक्ती आली ती या अडचणीतून. रॉय यांनी निषेध म्हणून आपलं फारसी पत्रच बंद केलं. १८३५ मध्ये मेटकाफने परवाना काढून टाकला आणि त्याच्या जागी ठेवलं प्रतिज्ञापत्र. मुद्रक आणि प्रकाशक यांनी मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहायचं, छापतो कुठे ते सांगायचं, सही करायची, मग खुशाल छापायचं.

मेटकाफला आपल्या इतिहासाची पुस्तकं वृत्तपत्रांचा मुक्तिदाता म्हणतात. त्याने सौदा मात्र चोख केला होता. आधी विचारायला येऊ नका, नंतर शोधायला यावं लागलं तर सापडा.

१८५७ च्या धामधुमीत वर्षभर परवाना परत आला. दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, पंचविसावा कायदा झाला, तोच हा फुलीतला ‘पीआरबी’. छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी, असं त्याचं साधं नाव. प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण, प्रसिद्ध केलं असेल तर प्रकाशकाचंही नाव-ठिकाण हवं. नसेल तर पाच हजारांपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. त्या काळचे पाच हजार! शिवाय प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारजमा करायची, म्हणजे त्यांच्या याद्या निघतील. हेतू नजर ठेवण्याचा होता, पण त्या याद्यांमुळेच एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी मराठी पुस्तकांचा आज निदान ठावठिकाणा लागतो. आपल्या घरात जे टिकलं नसतं ते साहेबाच्या संशयाने टिकवलं.

या कायद्यातलं खरं दातेरी कलम सातवं. मॅजिस्ट्रेटसमोर ज्याने सही केली, तो त्या अंकातल्या प्रत्येक मजकुराचा मुद्रक किंवा प्रकाशक आहे हे सिद्ध करायला ती सहीच पुरे. लेख कोणी लिहिला, खिळे कोणी जुळवले, त्या रात्री हा माणूस गावात होता की नाही, याची उठाठेव सरकारने करायची नाही. उलटं काही असेल तर ते त्याने सिद्ध करावं.

आता वऱ्हाडाकडे येऊ, कारण इथे सगळंच थोडं तिरपं होतं. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. मालकी त्याची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांच्या बोलीवर तो कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं. तरी कागदोपत्री हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. मुंबईला लागू असलेला कायदा नांदुरा-शेगाव ओलांडून अकोल्यात आपोआप पोचत नसे. त्याला वेगळी अधिसूचना काढून ‘लावावं’ लागे. भारतीय दंडसंहितेच्या जुन्या छापील प्रतींत पहिल्या पानाखाली बारीक टाइपात एक टीप असायची की ही संहिता ‘बेरार लॉज ॲक्ट, १९४१’ अन्वये वऱ्हाडास लागू करण्यात आली आहे. म्हणजे टिळकांना दोनदा तुरुंगात टाकणारं कलम अमरावतीत शिरलं तेही निजामाच्या अंगणातून, पाहुण्यासारखं. या फरकाने वऱ्हाडातल्या संपादकाला काही सवलत मिळाली असं समजू नका. पट्ट्याने घेतलेल्या शेतातही नांगर तेवढाच खोल जातो.

अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघू लागलं ते १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे पीआरबी कायदा आणि वऱ्हाडी पत्रकारिता जवळजवळ एका वयाची. मग अमरावतीचं ‘प्रमोदसिंधु’, अकोल्याचं ‘वैदर्भ’. मुंबई सरकारच्या भाषांतरकाराच्या कचेरीत दर आठवड्याला देशी पत्रांचा गोपनीय गोषवारा तयार व्हायचा, त्यात ही नावं दिसतात. अकोल्यात एखाद्या तहसीलदारावर चार ओळी छापल्या की त्यांचा इंग्रजी सारांश मुंबईत टेबलावर. इतके बारकाईने वाचणारे वर्गणीदार पुन्हा कुठल्या वऱ्हाडी पत्राला मिळाले नसतील. १८७८ मध्ये लिटनने फक्त देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा करून जामीनकतबे मागायला सुरुवात केली. चार वर्षांत तो रद्द झाला, पण पैशाची कल्पना सरकारच्या डोक्यात राहून गेली.

१८९७ च्या जून महिन्यातल्या ‘केसरी’वरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तो सगळ्यांना पाठ आहे. मात्र त्या खटल्यात आरोपी दोन होते. दुसरे केशव महादेव बाळ, आर्यभूषण छापखान्याचे व्यवस्थापक. मजकूर त्यांचा नव्हता, मत त्यांचं विचारलं नव्हतं. ते आले ते छापणारा म्हणून. ज्यूरीने टिळकांना सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवलं, सहा युरोपियन आणि तीन देशी. बाळ सुटले. न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला समजावताना ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! आणि १८९८ मध्ये राजद्रोहाचं १२४अ कलम दुरुस्त करून ते आणखी रुंद केलं, शेजारी समाजासमाजांत तेढ पसरवण्याबद्दलचं १५३अ हे नवं कलम बसवलं.

या दोन तारखांच्या मधोमध, डिसेंबर १८९७ च्या अखेरीस, काँग्रेसचं तेरावं अधिवेशन भरलं अमरावतीला. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक तुरुंगात. सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उठले आणि टिळकांसाठी सारं राष्ट्र अश्रू ढाळत आहे, अशा अर्थाचं बोलले. राजद्रोहाची व्याख्या कलकत्ता-मुंबईत नव्हे, त्या हिवाळ्यात अमरावतीच्या मांडवात तपासली जात होती, असं म्हणायचा मोह मला होतो. प्रत्यक्षात काँग्रेस तेव्हा फार जपून बोलत होती. पण सरकारने ज्याला प्रीतीचा अभाव म्हटलं, त्याचा असा जाहीर हुंदका एवढ्या मोठ्या सभेत निघावा आणि तो वऱ्हाडात निघावा, ही गोष्ट इथल्या जुन्या वकिलांच्या घरांत तीन पिढ्या सांगितली गेली.

१९०८ ची आठवण तर वऱ्हाडात घरोघर आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकातून आलेली नाही. दासगणूंचा ‘श्रीगजाननविजय’ ज्यांच्या घरी पारायणाला असतो त्यांना अकोल्याची शिवजयंतीची सभा माहीत असते: व्यासपीठावर टिळक, खापर्डे आणि शेगावचे गजानन महाराज. टिळकांचं भाषण तापू लागतं आणि महाराज बेडी पडेल असं काहीतरी बोलून जातात. पुढे खटला उभा राहतो, खापर्डे शेगावला माणूस पाठवतात, महाराज भाकरीचा तुकडा प्रसाद म्हणून देतात, तो मुंबईला जातो. ग्रंथातली कथा आहे, तिला कोर्टाच्या कागदांसारखं तपासायचं कारण नाही. मला त्यातलं एक फार खरं वाटतं: बोलणं आणि बेडी यांचं नातं वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या बायकोलाही ठाऊक होतं, आणि ते तिला कलम नंबराशिवाय ठाऊक होतं. कागदावरचा हिशेब असा की मे आणि जून १९०८ च्या ‘केसरी’तल्या अग्रलेखांसाठी २४ जूनला टिळकांना पकडलं आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. खापर्डे त्याच वर्षी अमरावतीची भरभराटीची वकिली सोडून अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेला गेले ते १९१० मध्ये परतले. त्यानंतर त्यांनी शिर्डीला काही महिने काढले, त्यांची तिथली रोजनिशी प्रसिद्ध आहे. भक्तीच्या पुस्तकात ती वाचतात. मी ती एकदा, ज्याच्यावर सरकारची नजर आहे अशा माणसाची रोजनिशी म्हणून वाचली; वाचून पाहा, वेगळी लागते.

आता पैशाकडे. १९१० च्या प्रेस ॲक्टने छापखान्याकडून अनामत मागायला सुरुवात केली. नव्या छापखान्याला पाचशे ते दोन हजार, जुन्याने आक्षेपार्ह काही छापलं तर पाच हजारांपर्यंत, ती जप्त झाली तर पुढची एक हजार ते दहा हजार, आणि त्यानंतरही सुधारला नाही तर छापखानाच सरकारजमा. खटला नाही, साक्षीपुरावा नाही, आधी हुकूम. हायकोर्टात जायची वाट होती, पण ओझं छापखानदारावर. लेखक तुरुंगात जायला तयार असतो, त्यात त्याचं नाव होतं. ट्रेडल मशीनचा हप्ता फेडणारा, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून पोट भरणारा माणूस मात्र दोन हजारांचा आकडा ऐकून संपादकाला म्हणतो, साहेब, एवढा परिच्छेद गाळा ना. सेन्सॉरची कचेरी उघडायची गरजच उरली नाही. ती प्रत्येक छापखान्यात, खिळ्यांच्या केसजवळ, फुकट बसली.

सप्रू समितीच्या शिफारशीवरून १९२२ मध्ये हा कायदा रद्द झाला. दंड दोन हजारांवर आणि कैद सहा महिन्यांवर आली. पण जाता जाता सरकारने ओळीत एक शब्द वाढवून घेतला: संपादक. तोवर कायद्याला मुद्रक आणि प्रकाशक पुरत होते. आता मजकूर निवडणारा कोण, तेही अंकावर छापायचं. यातून एक जुनीच जात फोफावली, नावापुरत्या संपादकाची. अलाहाबादच्या ‘स्वराज्य’ या उर्दू पत्राचे एकामागून एक आठ-नऊ संपादक अडीच वर्षांत शिक्षेला गेले होते, हे आधीचं उदाहरण सर्वांपुढे होतंच. कुठे खरा लिहिणारा वाचवायला दुसऱ्याचं नाव यायचं, कुठे नोकरीच्या अडचणीपायी. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हा डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात सरकारी पगारावर प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं होतं. सात वर्षांनी ‘बहिष्कृत भारत’ काढताना मात्र त्यांनी स्वतःचं नाव दिलं. नाव तळाशी असणं आणि नसणं यांतला फरक या माणसाला संविधान लिहिण्याआधीपासून हाताने माहीत होता.

सविनय कायदेभंगाच्या लाटेत अनामत परतली. १९३० चा वटहुकूम, १९३१ चा प्रेस इमर्जन्सी पॉवर्स ॲक्ट. त्याच १९३१ साली अकोल्यात ब्रिजलाल बियाणींनी ‘मातृभूमि’ सुरू केलं. काय मुहूर्त साधला म्हणायचा. अमरावतीत बामणगावकरांचं ‘उदय’ होतं, पंजाबराव देशमुखांचं ‘महाराष्ट्र केसरी’ होतं. या सगळ्यांच्या डोक्यावर वीसेक वर्षं हा कायदा टांगलेला राहिला, आणि त्याखालच्या भांडणांचा शेवटचा दरवाजा नागपूर हायकोर्ट हा होता. १९३६ मध्ये ते स्थापन झालं, वऱ्हाडचे चारही जिल्हे त्याच्या कक्षेत.

त्या कोर्टात एक वाक्य लिहिलं गेलं, त्याच्यापाशी मला थांबायचं आहे. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्यप्रांत व वऱ्हाडचं प्रांतिक सरकार, असा तो खटला; १९४७ च्या निकालसंग्रहात नागपूरच्या भागाच्या पहिल्याच पानावर छापलेला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. प्रश्न जुनाच, छापील शब्दांचा परिणाम मोजायचा कसा? बोस म्हणाले, मोजायचा तो समंजस, कणखर, धीट माणसाच्या मापाने. दुबळ्या, डळमळत्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. इंग्रज सरकार अजून गेलेलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. बोस पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, प्रांताचं नाव पुसलं गेलं, नागपूर मुंबईच्या हायकोर्टाचं खंडपीठ झालं. वाक्य मात्र मेलं नाही. १९८८ मध्ये ‘तमस’ मालिका बंद पाडायला निघालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने ते वाचून दाखवलं. २००७ मध्ये जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या पुण्यातल्या फौजदारी प्रकरणात ते आलं. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून लावलेलं १५३अ रद्द करताना पुन्हा तेच, आणि २०२५ मध्ये एका खासदाराने समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेच्या खटल्यातही. छापखान्याच्या युगात ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावाखाली लिहिलेलं वाक्य मोबाइलच्या स्टेटसला लागू पडतं. विदर्भाने देशाच्या कायद्याला काय दिलं असं कोणी विचारलं तर संत्र्यांच्या आधी मी हे सांगेन.

संविधान सभेत वऱ्हाडातून गेलेल्यांत बियाणी होते, पंजाबराव होते. दोघेही पत्र काढलेले, म्हणजे त्या तळच्या ओळीच्या वंशातले. १ आणि २ डिसेंबर १९४८ ला भाषणस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. मसुद्यात अपवादांच्या यादीत ‘राजद्रोह’ हा शब्द होता. कन्हय्यालाल मुन्शींनी तो काढायची दुरुस्ती आणली आणि तो निघाला. काहींचा आग्रह होता की ‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ असा शब्द स्वतंत्रपणे घालावा. आंबेडकरांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, वृत्तपत्राला नागरिकापेक्षा निराळा हक्क नसतो. संपादक किंवा व्यवस्थापक जेव्हा लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणून आपलाच हक्क बजावत असतो. ‘मूकनायक’च्या तळाशी दुसऱ्याचं नाव आणि ‘बहिष्कृत भारत’च्या तळाशी आपलं, अशा दोन्ही अंकांतून गेलेल्या माणसाचं हे उत्तर आहे, हे लक्षात घेतलं की त्याचा कोरडेपणा जातो. अंकाच्या तळाशी असलेलं नाव आजवर सरकारला पकडायला लागत होतं. आता हक्क त्याच नावाला चिकटवला.

लग्न लागून अक्षता वाळायच्या आत कुरबूर सुरू झाली. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई आणि दिल्लीच्या दोन पत्रांच्या बाजूने निकाल दिले. सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण मूळ कलमात नसल्याने सरकारं हरली. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती. सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्यास चिथावणी हे अपवाद आत आले. त्याचबरोबर एक विशेषणही आलं, ते आधी तिथे नव्हतं: निर्बंध ‘वाजवी’ हवेत. सरकारने तीन कुलपं लावली आणि किल्ली कोर्टाच्या खुंटीवर टांगली, असं म्हणता येईल. त्याच वर्षी अनामत मागणारा आणखी एक प्रेस कायदा स्वतंत्र भारताच्या संसदेने केला. १९५६ मध्ये तो संपला तेव्हा फारसं कोणी रडलं नाही.

न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या प्रेस कमिशनने १९५४ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९५६ मध्ये वृत्तपत्र निबंधकाचं कार्यालय आलं आणि ओळीत नोंदणी क्रमांक शिरला. शिवाय दर मार्चला छापायचा तो प्रसिद्ध ‘फॉर्म नंबर चार’. प्रसिद्धीचं ठिकाण, कालावधी, मुद्रक, प्रकाशक, संपादक, एक टक्क्याहून अधिक भाग असलेले मालक. आणि प्रत्येक नावाखाली राष्ट्रीयत्व, भारतीय नागरिक आहे काय. मार्चच्या पहिल्या अंकात ‘राष्ट्रीयत्व: भारतीय’ असं तीन-चारदा लागोपाठ छापलेलं पाहून लहानपणी हसू यायचं. अकोल्यात पेपर काढणारा माणूस दुसरा कोण असणार? हसण्यासारखं नव्हतं. १९ वं कलम नागरिकांनाच आहे. १९६१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’ने पानं आणि किंमत बांधून देणाऱ्या सरकारी हुकमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं तेव्हा कंपनी नागरिक नसते ही अडचण दाराशीच होती, म्हणून भागधारक पुढे झाले. ‘सकाळ’चे दोन वाचकही स्वतंत्र अर्ज घेऊन गेले. हुकूम पडला: पानं कमी करायला लावणं म्हणजे विचारांचा फैलाव कमी करणं, आणि खप हाही अभिव्यक्तीचा भाग. सात नव्या पैशांच्या मराठी पेपराने मिळवलेला हा निकाल आज देशभर शिकवतात.

फुलीचा अर्थही मराठीनेच पक्का केला. एका मराठी नियतकालिकात संपादक म्हणून एकाचं नाव छापलेलं, आणि फिर्याद लागली संपादक मंडळातल्या इतरांवर. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सातव्या कलमाचं गृहीतक ज्याचं नाव संपादक म्हणून छापलंय त्याच्यापुरतं. मंडळात बसलेल्यांना त्यात ओढता येत नाही. तेव्हापासून मोठ्या पेपरांचे मालक आणि समूह संपादक वरच्या ओळीत झळकतात, आणि फुली पडते ती आवृत्तीच्या कुणा निवासी संपादकावर. तालुक्याच्या बातमीदाराने पाठवलेल्या तीन ओळींसाठी समन्स घ्यायला अंजनगाव नाहीतर मूर्तिजापूरच्या कोर्टात उभा असतो तो हाच. आणीबाणीत सेन्सॉरने वरचा मजकूर कापला, ओळीला हात लावला नाही.

१२४अ चं अमरावतीशी असलेलं जुनं नातं मध्येच पुन्हा उगवलं. एप्रिल २०२२ मध्ये तेव्हाच्या खासदार नवनीत राणा आणि बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांना मुंबईत हनुमान चालिसा प्रकरणी अटक झाली, त्यात राजद्रोहाचंही कलम. ४ मे रोजी विशेष न्यायालयाने जामीन देताना राजद्रोह सकृद्दर्शनी दिसत नाही, असं म्हटलं. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात ॲटर्नी जनरलनी याच प्रकरणाचा दाखला दिला, आणि ११ मे रोजी कलम थंड्या बस्त्यात गेलं. राणा दांपत्याचं राजकारण कुणाला रुचो न रुचो. सव्वाशे वर्षांपूर्वी जिथे टिळकांसाठी हळहळ व्यक्त झाली त्या गावच्या खासदारावर लागून ते कलम निजलं, हा योगायोग कादंबरीकाराला कोणी माफ केला नसता. जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत त्याच्या जागी १५२ वं कलम आहे. त्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही.

पीआरबी कायदाही गेला. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून सही करायची मेटकाफची प्रथा मोडली, सगळं आता पोर्टलवर. बहुतेक चुकांना कैदेऐवजी दंड. ओळ मात्र अजून छापली जाते, आणि जुन्या सवयीने कित्येक ठिकाणी फुलीखाली मेलेल्या कायद्याचं नावही.

तिच्याखालून मात्र जमीन सरकली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावती पेटली, मे २०२३ मध्ये एका समाजमाध्यमी मजकुरावरून अकोल्याचं जुनं शहर. दोन्ही वेळा जे फिरत होतं त्याच्या तळाशी मुद्रक नव्हता, प्रकाशक नव्हता, छापल्याचं ठिकाण नव्हतं. कोणाची अनामत मागायची, कोणाला फुली लावायची? प्रशासनाने इंटरनेटच बंद केलं. अशा हुकमांची कारणं लेखी द्यावीत, ते प्रसिद्ध करावेत आणि ते मुदतीपुरतेच असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगून ठेवलं आहे. एकाचं नाव सापडत नाही म्हणून लाखांचा आवाज बंद करणं वाजवी कसं, हे कोर्टाला कधीतरी बोस यांच्या मापाने मोजावं लागेल.

अमरावतीत तेव्हा इंटरनेट बंद होतं त्या दिवसांत रस्त्यावर संचारबंदी होती, फोन मुके होते, आणि गावात नेमकं काय झालं हे कळायला लोक दारात पेपरवाल्याची वाट पाहत होते. बातमी कोणी दिली, खरी की खोटी, कोणाला जाऊन विचारायचं, याचं उत्तर त्यात शेवटच्या पानावर, तळाशी होतं.